लिहिताना कीबोर्डची भाषा नजरेसमोर असावी : डेस्कटॉपच्या सुधारणेसाठी आपण कोणती सूचना आधी पाठवावी?

वाचनालय_सातारा

नमस्कार.

साताऱ्यातील एका सार्वजनिक वाचनालयाचा संगणक कक्ष मी सांभाळतो. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि तुलनेने नव्या पिढीचा प्रोसेसर लागत असल्यामुळे देणगीतून मिळालेली आमची यंत्रे त्या अटींत बसत नव्हती, आणि भंगारात काढण्याइतकी ती खराबही झालेली नव्हती. म्हणून सर्व यंत्रांवर आम्ही उबंटू ही लिनक्स प्रणाली बसवली, आणि वाचकांसमोर आता ग्नोमचा डेस्कटॉप असतो. कक्षात स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरणारे विद्यार्थी येतात, निवृत्त मंडळी येतात, आणि दाखल्यासाठी किंवा सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी परळी खोऱ्यातून आणि मेढ्याकडून येणारे शेतकरीही येतात.

नवा डेस्कटॉप या सर्वांनी पुष्कळ सहज स्वीकारला, हे आधी नोंदवले पाहिजे. चिन्हे कुठे आहेत, प्रोग्रॅम कसा उघडायचा, फाइल कुठे गेली, या गोष्टी एकदा दाखवल्या की लक्षात राहतात. अडचण येते ती लिहिण्याच्या वेळी. एकाच अर्जात नाव इंग्रजीत, तेच नाव पुन्हा मराठीत, मग ई-मेल, मग मराठीत पत्ता, असा क्रम असतो. ग्नोममध्ये सुपर (विंडोजचे चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस या कळा एकत्र दाबल्या की भाषा बदलते, स्क्रीनच्या मध्यावर क्षणभर एक पट्टी दिसते आणि नाहीशी होते. त्यानंतर कोणती भाषा चालू आहे हे सांगणारी एकच खूण उरते, ती म्हणजे वरच्या पट्टीत उजव्या बाजूची दोन-तीन बारीक अक्षरे. लिहिणाऱ्याची नजर तेव्हा अर्जातील रकान्यावर असते, आणि जो अजून एकेक कळ शोधत लिहितो त्याची नजर तर कीबोर्डवरच असते. अर्धी ओळ लिहून झाल्यावर मान वर केली की भलतीच अक्षरे उमटलेली दिसतात, ती खोडायची, भाषा बदलायची आणि पुन्हा लिहायचे, हा प्रकार आमच्याकडे दिवसभर चालू असतो.

पासवर्डच्या रकान्यात तर उमटलेली अक्षरेही दिसत नाहीत, फक्त ठिपके दिसतात. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो, आणि संकेतस्थळ फक्त ‘पासवर्ड चुकीचा आहे’ एवढेच सांगते. माणूस दोन-तीनदा प्रयत्न करतो, नंतर खाते बंद पडेल या धास्तीने थांबतो आणि पासवर्ड विसरलो असे समजून नवा मागवायला लागतो. दोष त्याच्या स्मरणशक्तीचा नसतो, पण तसे त्याला वाटते, याचे मला फार वाईट वाटते.

इतरही नोंदी माझ्याकडे आहेत. सरकपट्टी माउस हलवेपर्यंत दिसतच नाही, त्यामुळे पान खाली आणखी आहे हे कित्येकांच्या लक्षात येत नाही (ती कायम दिसावी अशी सोय सेटिंग्जमध्ये आहे आणि आम्ही ती चालू केली आहे, पण मुळातच ती तशी असायला हवी होती). काही प्रोग्रॅमच्या बटणांवर ‘विद्यार्थी’, ‘सर्वांसाठी’ यांसारख्या शब्दांतील रफार आणि वेलांटी वरून कापली जाते. वीज गेल्यानंतर पुन्हा सुरू केलेल्या संगणकावर आधीच्या विंडो जागच्या जागी परत येत नाहीत.

ग्नोम आणि केडीई (लिनक्सवरचा तसाच दुसरा डेस्कटॉप) हे दोन्ही खुले प्रकल्प आहेत, त्यामुळे सूचना पाठवायला कोणाची अडकाठी नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील आपण वापरणाऱ्यांनी मिळून एक नेमकी सूचना पाठवावी असे माझ्या मनात आहे. माझा कल असा आहे की कीबोर्डची चालू भाषा कर्सरच्या शेजारीच दिसावी, ही मागणी सर्वांत आधी करावी. हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का, आपल्या कामात याचा उपयोग होईल का, आणि सूचना कशी लिहिली म्हणजे ती वाचली जाईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मार्केटयार्ड_सांगली

नमस्कार सर. आपण मांडलेली अडचण मला रोज येते, तरीही आपण सुचवलेल्या उपायाशी मी पूर्ण सहमत नाही. त्याचे कारण माझ्या कामाच्या स्वरूपात आहे, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानाचे लिखापढीचे काम मी करतो. हळदीचे सौदे झाले की प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी तयार करायची असते. पट्टीवर शेतकऱ्याचे नाव आणि गाव मराठीत असते, पोत्यांची संख्या, वजन आणि दर अंकांत असतात, गाडीचा नंबर इंग्रजी अक्षरांत असतो, त्याखाली हमाली, तोलाई, अडत यांच्या ओळी असतात आणि खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक पुन्हा इंग्रजीत असतो. म्हणजे एका पट्टीत भाषा अनेकदा बदलावी लागते, आणि हंगामात अशा पट्ट्यांची रांग लागलेली असते. समोर शेतकरी उभा असतो, त्याला परतीची एसटी गाठायची असते.

अशा वेळी कर्सरशेजारी भाषेची खूण दिसली तर चूक लवकर कळेल, हे खरे आहे. पण खूण पाहायची, चूक आहे असे ठरवायचे आणि मग कळ दाबायची, हे तीन टप्पे तरीही उरतातच. माझ्या मते मूळ दोष एकच कळ दोन्ही कामे करते हा आहे. सुपर आणि स्पेस दाबल्यावर मराठी येईल की इंग्रजी, हे आधी काय चालू होते त्यावर अवलंबून असते, म्हणून आधीची स्थिती लक्षात ठेवण्याचे ओझे माणसावर पडते. त्याऐवजी एक कळ कायम मराठीसाठी आणि दुसरी कायम इंग्रजीसाठी असावी. मराठी लिहायचे आहे म्हणून मराठीची कळ दाबली, आणि मराठी आधीपासूनच चालू असेल तर काहीच बिघडले नाही. कोपऱ्याकडे पाहण्याची गरज पडणार नाही आणि कर्सरकडेही पाहावे लागणार नाही.

ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक विंडोसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे आणि तो मी वापरतो. पट्टीचा प्रोग्रॅम मराठीवर राहतो, ब्राउझर इंग्रजीवर राहतो, तेवढा त्रास वाचला. परंतु एकाच विंडोतील वेगवेगळ्या रकान्यांसाठी त्याचा काही उपयोग होत नाही. गावाच्या रकान्यात गेलो की मराठी आणि गाडी नंबरच्या रकान्यात गेलो की इंग्रजी, असे प्रोग्रॅमने स्वतःच करावे, ही माझी दुसरी मागणी आहे. डेस्कटॉपने तशी सोय प्रोग्रॅमना उपलब्ध करून दिली पाहिजे.

आणखी एक गोष्ट जाता जाता नोंदवतो. हिशेबाच्या बऱ्याच प्रोग्रॅमना देवनागरी अंक हे अंक म्हणून कळत नाहीत, ते त्यांना साधा मजकूर समजतात आणि बेरजेत धरत नाहीत. मराठी चालू असतानाही अंक कोणत्या लिपीत उमटावेत हे स्वतंत्रपणे ठरवता आले पाहिजे.

विश्रामबाग

आपल्या दोघांच्या सूचना एकमेकींच्या विरोधात नाहीत, असे मला वाटते. मी सांगलीतच सॉफ्टवेअरचे काम करतो आणि केडीईमध्ये अधूनमधून लहान दुरुस्त्या पाठवतो, म्हणून शक्याशक्यतेबद्दल आणि पाठवण्याच्या पद्धतीबद्दल लिहितो.

आधी कर्सरशेजारच्या खुणेबद्दल. ही कल्पना अंमलात आणता येते याचा पुरावा आधीच उपलब्ध आहे. ॲपलने २०२३ मधील मॅकओएस सोनोमामध्ये भाषा बदलल्यावर कर्सरच्या लगत चालू भाषेची लहानशी खूण दाखवायला सुरुवात केली. लिनक्सवर त्यासाठी लागणारी माहिती डेस्कटॉपकडे अनेक ठिकाणी पोहोचलेलीच असते. वेलँड या लिनक्सच्या पडदा-व्यवस्थेत मजकूर लिहिण्यासाठी जो नियमसंच आहे, त्यात प्रोग्रॅमने आपला कर्सर कुठल्या चौकटीत आहे हे डेस्कटॉपला कळवण्याची तरतूद आहे. शब्दांचे पर्याय सुचवणारी यादी कर्सरच्या खाली उघडते, ती याच माहितीवर. तीच जागा वापरून तेथे भाषेची खूण दाखवणे ही मूलभूत अडचणीची गोष्ट नाही. काही प्रोग्रॅम ही जागा कळवत नाहीत किंवा चुकीची कळवतात, तेथे खूण नेहमीच्या पट्टीपुरती राहील, एवढी मर्यादा सूचनेतच मान्य केलेली बरी. मर्यादा आपणच लिहिली की समोरच्याला तीच हरकत घेऊन सूचना बाजूला ठेवता येत नाही.

आता मार्केट यार्डच्या मागणीबद्दल. ज्यात एकाच कळीचा अर्थ आधीच्या स्थितीनुसार बदलतो, अशा रचनेला विरोध करणारी एक जुनी विचारधारा आहे. काटणे, नक्कल करणे आणि चिकटवणे या क्रिया ज्यांच्यामुळे रूढ झाल्या त्या लॅरी टेस्लर यांनी झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत असल्यापासून याच गोष्टीचा आग्रह धरला होता, आणि त्यांच्या गाडीच्या नंबरपट्टीवरही ‘नो मोड्स’ असे लिहिलेले असे. जपानमध्ये मिळणाऱ्या ॲपलच्या कीबोर्डवर स्पेसबारच्या डाव्या बाजूला इंग्रजीची आणि उजव्या बाजूला जपानीची कळ असते. कोणतीही भाषा चालू असली तरी त्या कळेचा परिणाम बदलत नाही. आपण मागत आहात ते नेमके हेच आहे.

लिनक्सच्या कीबोर्ड व्यवस्थेत, म्हणजे एक्सकेबीमध्ये, ही सोय आजही आहे. नुसते कॅप्स लॉक दाबले की पहिली मांडणी (म्हणजे कीबोर्डची पहिली भाषा) आणि शिफ्टसह कॅप्स लॉक दाबले की दुसरी मांडणी, असा एक पर्याय त्यात आहे. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे नसल्याने कॅप्स लॉक एरवी रिकामेच असते. केडीई प्लाझ्मामध्ये हा पर्याय सिस्टिम सेटिंग्जमधील कीबोर्डच्या पानावर लांबलचक यादीत खोलवर सापडतो. ग्नोमच्या मूळ सेटिंग्जमध्ये तो दिसतच नाही. म्हणून येथे नवी सोय तयार करा असे न सांगता असलेली सोय वर आणा असे सांगावे लागेल, आणि अशी सूचना मान्य होण्याची शक्यता फार जास्त असते. एक अडचण मात्र आहे. हा पर्याय एक्सकेबीतून जोडलेल्या मांडण्यांपुरताच चालतो. आयबस या वेगळ्या लेखनसोयीतून फोनेटिक (इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे) मराठी लिहिणाऱ्यांना त्याचा उपयोग होणार नाही, आणि वाचनालयातील तरुण वाचकांपैकी बरेच जण फोनेटिकच वापरत असतील.

पासवर्डबाबतही हाच फरक कामी येतो. ग्नोम शेल पासवर्डच्या रकान्यात आयबसवर चालणाऱ्या लेखनपद्धती बाजूला ठेवते, परंतु एक्सकेबीतून जोडलेला मराठी इन्स्क्रिप्ट (कळांवर देवनागरी अक्षरे ठरलेली असलेला) कीबोर्ड तसाच चालू राहतो. त्यामुळे फोनेटिकवाल्याचा पासवर्ड बरोबर लागतो आणि शेजारी बसलेल्या इन्स्क्रिप्टवाल्याचा लागत नाही. ही विसंगती दाखवून दिली तर ती निव्वळ कल्पना न राहता दोष म्हणून नोंदवता येईल.

पाठवण्याच्या पद्धतीविषयी थोडा इतिहास सांगणे आवश्यक वाटते. उबंटूने २००८ मध्ये लोकांकडून कल्पना मागवून त्यांवर मते घेण्यासाठी ब्रेनस्टॉर्म नावाचे संकेतस्थळ सुरू केले होते. तेथे कल्पनांचा आणि मतांचा ओघ मोठा होता, पण मत देणारा आणि ते काम प्रत्यक्ष करणारा हे वेगवेगळे होते, आणि पुढे ते संकेतस्थळ बंद झाले. याउलट २००९ मध्ये उबंटूनेच हाती घेतलेल्या ‘वन हंड्रेड पेपरकट्स’ या उपक्रमात लहान, नेमके आणि थोडक्या कामात दुरुस्त होणारे त्रासच घ्यायचे असे ठरले होते, आणि त्यातून प्रत्यक्ष दुरुस्त्या झाल्या. केडीईने २०२२ पासून चालवलेला ‘फिफ्टीन मिनिट बग्ज’ हा उपक्रमही त्याच जातीचा आहे. नवखा माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत ज्याला अडखळेल ते आधी दुरुस्त करायचे, ही त्यामागची कसोटी आहे. आपली पासवर्डची अडचण या कसोटीला पूर्णपणे उतरते.

केडीई आपली सामूहिक उद्दिष्टे काही वर्षांसाठी ठरवते. २०२४ मध्ये निवडलेल्या तीन उद्दिष्टांपैकी एक ‘वुई केअर अबाउट युवर इनपुट’ हे आहे, आणि त्यात वेगवेगळ्या भाषांतील लेखनपद्धतींचा समावेश आहे. म्हणजे ऐकण्याची तयारी तेथे आहे. केडीईच्या बगझिला या दोष नोंदवण्याच्या संकेतस्थळावर सूचना ‘विशलिस्ट’ या प्रकारात नोंदवता येते. ग्नोमच्या बाबतीत दोष असेल तर गिटलॅब या त्यांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर आणि नवी कल्पना असेल तर आधी त्यांच्या चर्चापीठावर जावे. एका नोंदीत एकच गोष्ट लिहावी. कर्सरची खूण, दोन वेगळ्या कळा, पासवर्ड आणि अंक हे चारही एकत्र पाठवले तर त्यांतील सर्वांत अवघड गोष्टीसाठी उरलेल्या तिन्ही अडकून पडतील.

आणखी एक विनंती आहे. पाठवण्यापूर्वी वाचनालयातच एक लहानशी चाचणी घ्यावी. पाच वाचकांना एकच काम द्यावे, मागे शांत बसावे आणि ते कुठे थांबतात हे लिहून घ्यावे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली दाखवून दिले होते की पाच माणसांच्या निरीक्षणातून वापरातील बहुतेक अडथळे उघड होतात. निरीक्षण करताना मदत करायची नाही, हे सर्वांत कठीण असते, पण तेवढे पाळावे.

वाई_मुद्रितशोधन

वरची चर्चा वाचून समाधान वाटले. मी वाईला राहते आणि मुद्रितशोधन करते. दिवसाचा बहुतेक वेळ माझ्यासमोर मराठी मजकूर असतो, त्यामुळे दोन मुद्दे मांडावेसे वाटतात.

पहिला मुद्दा खुणेच्या स्वरूपाचा आहे. ती खूण कर्सरच्या शेजारी कायम राहू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मुद्रितशोधनात नजर एका काना-मात्रेवर स्थिर करावी लागते आणि कर्सरच्या आसपास काहीही हलते किंवा चमकते राहिले तर ती विचलित होते. शिवाय खुणेखाली पुढचे अक्षर झाकले गेले तर ती उपकारापेक्षा अपकारच जास्त करील. भाषा बदलली त्या क्षणी आणि नव्या रकान्यात प्रवेश केला त्या क्षणी ती दिसावी, पहिले अक्षर लिहिताच नाहीशी व्हावी. वाचनालयातील वाचकाला ज्या क्षणी तिची गरज आहे तो क्षण हाच आहे, आणि पूर्ण दिवस लिहिणाऱ्याला तिचा त्रासही होणार नाही. ती ओळीच्या वर न दाखवता खाली दाखवावी, कारण देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार असतात आणि वाचताना त्यांचीच जास्त खात्री करून घ्यावी लागते.

दुसरा मुद्दा शोधाचा आहे. तो वेगळ्या नोंदीत जावा, हे विश्रामबाग यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण त्याचे मूळ कीबोर्डमध्येच असल्याने येथे लिहिते. डोळ्यांना एकसारखे दिसणारे मराठी अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवले जाऊ शकते. ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून युनिकोड या अक्षरांच्या क्रमांकसूचीत २००८ मध्ये आले, आणि त्याआधीपासून ‘अ’वर चंद्र देऊनही ते लिहिले जाते. ‘दऱ्या’, ‘पुऱ्या’ यांतील अर्धा र काही कीबोर्डवर ‘ऱ’पासून तयार होतो आणि काहींवर साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून तयार होतो. कागदावर किंवा स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. पण फाइलचे नाव इन्स्क्रिप्टमध्ये लिहिले आणि शोध फोनेटिकमध्ये घेतला तर फाइल समोर असूनही ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर येऊ शकते. एका लेखकाकडून आलेली प्रकरणे आणि माझ्याकडे दुरुस्त झालेली प्रकरणे वेगवेगळ्या कीबोर्डवर लिहिलेली असतात, त्यामुळे मला हा अनुभव नित्याचा आहे. डेस्कटॉपच्या शोधाने ही रूपे तुलनेपुरती समान मानावीत. मूळ नावात बदल करू नये, केवळ शोधताना ती एक धरावीत.

नावांच्या क्रमाबद्दलही असेच आहे. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, परंतु युनिकोडच्या क्रमांकांत तो ल आणि व यांच्या मध्ये आहे. जो प्रोग्रॅम केवळ क्रमांकांवरून फाइलींची यादी लावतो त्याच्या यादीत शब्द भलत्या जागी पडतात.

मिरज_शिक्षक

मिरजेत मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांना संगणक शिकवतो. कर्सरशेजारची खूण त्यांच्यासाठी असून नसल्यासारखी आहे, म्हणून येथे लिहिणे माझे कर्तव्य समजतो.

ग्नोममध्ये ऑर्का हा स्क्रीनवाचक आहे आणि ईस्पीक एनजीमध्ये मराठी आवाजाची सोय आहे. त्या आवाजाला कृत्रिमपणा आहे, पण विद्यार्थ्यांना त्याची सवय होते. त्यांची गरज अशी आहे की भाषा बदलताच नवी भाषा स्पष्ट बोलली जावी, आणि पासवर्डच्या रकान्यात शिरताना तर ती न विचारता सांगितली जावी, कारण तेथे ऑर्का अक्षरे उच्चारत नाही आणि उच्चारूही नयेत. खूण आणि उच्चार या दोन्ही गोष्टी एकाच नोंदीत मागितल्या जाव्यात, येथे मात्र त्या वेगळ्या करू नयेत. डोळस वापरणाऱ्यांसाठी सोय आधी तयार झाली आणि आवाजाचे नंतर पाहू असे ठरले, की ते नंतर फार लांबते, हा आम्हा शिक्षकांचा अनुभव आहे.

मार्केट यार्ड यांच्या दोन स्वतंत्र कळांच्या सूचनेला माझा सर्वांत जास्त पाठिंबा आहे. माझ्या विद्यार्थ्यांना स्थिती विचारावीच लागू नये, यापेक्षा चांगली सोय दुसरी नाही. फक्त कॅप्स लॉकबद्दल सावध राहावे लागेल, कारण लॅपटॉपच्या मांडणीत ऑर्काची स्वतःची कळ कॅप्स लॉक हीच असते. दोन्ही कामे एकाच कळेवर आली तर विद्यार्थ्याला ना वाचक नीट वापरता येईल ना भाषा. कोणती कळ घ्यायची हे वापरणाऱ्याला निवडता आलेच पाहिजे.

मार्केटयार्ड_सांगली

विश्रामबाग यांनी सांगितलेला पर्याय दुकानातील एका यंत्रावर केडीई बसवून लावून पाहिला. दोन दिवस हात जुन्या कळांकडे जात होता, नंतर गेला नाही. पट्टी करताना वर कोपऱ्याकडे पाहणे थांबले आहे. आमच्याकडे इन्स्क्रिप्टच वापरतात, म्हणून हे जमले. पर्याय शोधताना मात्र यादीत बराच वेळ गेला आणि पर्यायांची नावे इंग्रजीत असल्याने दुकानातील दुसऱ्या मुलाला तो स्वतः सापडला नसता. तो कीबोर्डच्या पहिल्याच पानावर, भाषा जोडतो त्याच ठिकाणी असला पाहिजे, असे नोंदीत ठामपणे लिहावे.

मिरजेच्या सरांचा कॅप्स लॉकचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. तो योग्यच आहे.

वाचनालय_सातारा

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि बारकाईने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. विश्रामबाग यांच्या सांगण्याप्रमाणे पाच वाचकांना एकच अर्ज भरायला देऊन मी मागे बसलो. त्यातून आपल्या चर्चेला एक भर पडली. इन्स्क्रिप्ट वापरणारे वाचक पासवर्डपाशी अडले आणि फोनेटिक वापरणारे अडले नाहीत, हे अगदी सांगितल्याप्रमाणेच झाले. पण ज्यांचे वय जास्त आहे त्यांनी भाषा बदलल्यावर मध्यभागी दिसणारी पट्टीही वाचली नाही, कारण ती दिसते तेव्हा त्यांची नजर दाबलेल्या कळांवर होती. त्यामुळे खूण केवळ भाषा बदलताना दाखवणे पुरेसे नाही, रकान्यात शिरतानाही दाखवली पाहिजे, हे वाईच्या ताईंचे म्हणणे मला आता अधिक महत्त्वाचे वाटते.

पासवर्डची नोंद ग्नोमच्या गिटलॅबसाठी सर्वांत आधी पाठवू या, कारण ती दोष म्हणून मांडता येते. तिचा मसुदा असा केला आहे :

‘इंग्रजी आणि मराठी इन्स्क्रिप्ट या दोन मांडण्या जोडलेल्या आहेत. मराठी चालू असताना वापरणारा पासवर्डच्या रकान्यात जातो. मांडणी मराठीच राहते, रकान्यात ठिपके दिसत असल्याने त्याला ते कळत नाही आणि बरोबर पासवर्ड नाकारला जातो. हाच वापरणारा आयबसमधून मराठी लिहीत असेल तर असे होत नाही. अपेक्षा अशी आहे की दोन्ही पद्धतींत वर्तन समान असावे, आणि पासवर्डच्या रकान्यात चालू मांडणीचे नाव रकान्यातच दिसावे व स्क्रीनवाचकाने ते बोलून दाखवावे. लॅटिन लिपीत नसलेला पासवर्ड ठेवणाऱ्यांची अडचण होऊ नये म्हणून मांडणी बदलण्याची मुभा कायम राहावी.’

शेवटचे वाक्य मी मुद्दाम घातले आहे. मराठी कीबोर्ड पासवर्डमध्ये सरसकट बंद करा अशी मागणी आपण केली तर ज्याने मराठीतच पासवर्ड ठेवला आहे त्याच्यावर अन्याय होईल.

दुसरी नोंद केडीईसाठी, दोन स्वतंत्र कळांचा पर्याय भाषेच्या पानावर आणण्याची. ती मार्केट यार्ड यांनी लिहावी, कारण रोजचा वापर त्यांचा आहे, आणि त्यात कॅप्स लॉकऐवजी अन्य कळ निवडण्याची सोय असावी हे मिरजेच्या सरांचे वाक्य जसेच्या तसे घालावे. कर्सरच्या खुणेची नोंद तिसरी राहील आणि तिचे स्वरूप वाईच्या ताईंनी सांगितले तेच ठेवू. शोधाची आणि अंकांची नोंद त्यानंतर करू.

मसुद्याचे इंग्रजी विश्रामबाग यांनी करून द्यावे, ही विनंती. मी ग्नोमच्या आवृत्तीचा क्रमांक आणि पासवर्डच्या रकान्यात काय घडते याची लहान चित्रफीत त्यासोबत जोडतो. चित्रफितीत कोणाही वाचकाचे नाव किंवा खाते दिसू नये म्हणून ती चाचणीसाठी तयार केलेल्या वेगळ्या खात्यावरच काढली आहे.